वर्षानं विचारा

नवा फोन हातात आला की चाचा आधी डोळे मिटायचे.

समोर बसलेल्या विक्रेत्याला वाटायचं, म्हाताऱ्याला झोप लागली की काय. पण चाचा फोन कानाला लावून मला हाक मारायचे, "बेटी, दुसरा फोन घेऊन जनरेटरपाशी जा आन बोल काहीबी." केजच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रातला तो जनरेटर म्हणजे एक नमुनाच होता. तो सुरू झाला की शेजारच्या गोदामावरची कबुतरं उडून जायची. त्या धडधडीत उभी राहून मी पाढे म्हणायचे, कारण दुसरं काही सुचायचं नाही. सतराचा पाढा चाचांना शेवटपर्यंत नीट ऐकू आला तर फोन पुढच्या परीक्षेला बसायचा. नाही आला तर तसाच डब्यात घालून परत. कॅमेरा किती भारी, पडदा किती मोठा, हे सांगायला विक्रेता तोंड उघडायचा, तर चाचा हात वर करायचे. "फोनचं पैलं काम बोलणं. फोटू मागनं काढू."

चाचा आमच्या दूध कंपनीचे भांडार आणि खरेदी अधिकारी होते. वय निवृत्तीला टेकलेलं, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशाला तीन पेनं. तिन्ही पेनं विक्रेत्यांनी फुकट दिलेली आणि त्यातली दोन बंद पडलेली. बंद पेनं कशाला बाळगता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "फुकटचं किती दिवस चालतंय ते बघायलोय. एक राहिलंय अजून." मूळचे केजचेच, वडिलांचं फळांचं दुकान. भावंडं धंद्यात गेली, हे बी.कॉम. होऊन नोकरीत आले आणि तिथंच राहिले. कंपनी आण्णांची. आण्णा म्हणजे तालुक्यातले मोठे जमीनदार आणि पुढारी. तेसुद्धा यांना चाचाच म्हणत. मी अंबाजोगाईला कॉम्प्युटरचं शिकून तिथं नवीनच लागले होते आणि चाचांच्या टेबलासमोरचं टेबल मला मिळालं होतं.

चाचांना जाऊन आता वर्षाच्या वर झालं. निरोप चाचीनं स्वतः फोन करून दिला. त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळे मिटून बसले होते, एवढं मात्र आठवतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कार्यालयात नवीन काही आलं, पंखा असो, चटई असो की दुधाच्या कॅनची झाकणं असोत, कोणीतरी विचारायचंच, "चाचा, स्वस्त पडलं का महाग?" चाचा मान न उचलता म्हणायचे, "वर्सानं इचारा." आज दिलेली किंमत ही त्यांच्या लेखी किंमतच नव्हती. वर्षभरात ती वस्तू किती वेळा बिघडली, तिच्यापायी किती माणसं खोळंबली, हे सगळं झाल्यावर जे उरेल ते खरं. लोक हसायचे आणि विसरून जायचे. वर्षानं येऊन खरोखर विचारलंय, असं माझ्या पाहण्यात तरी कधी झालं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे वाटताना कोणीतरी त्यांना छेडलं, "काय चाचा, नवरदेव कसा वाटला?" चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वर्सानं इचारा." सगळं कार्यालय खो खो हसलं. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण लग्नाला वर्ष झालं त्या दिवशी, माझ्या सासरच्यांनाही आठवण नव्हती तेव्हा, चाचा कामाचे कागद सारताना हळूच म्हणाले, "वर्स झालं ना बेटी? बरं हाय ना सगळं?" मी म्हटलं, बरं आहे चाचा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ नीट बघितलं, मान हलवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. आपलं वाक्य हा माणूस खरंच पाळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

विक्रेत्याचा चहा ते कधी घ्यायचे नाहीत. स्वतःचा फ्लास्क घरून आणायचे आणि उलट विक्रेत्यालाच अर्धा कप द्यायचे. "आपण पाजला म्हंजे न्हाई म्हणायला तोंड ऱ्हातं." कोणाचं कौतुक करायचे नाहीत. कोणी त्यांचं केलं तर मात्र कान टवकारून ऐकायचे आणि ऐकत नसल्यासारखं दाखवायचे. आपण घेतलेली वस्तू वाईट निघत नाही, हा त्यांचा ताठा होता आणि तो बराचसा खराही होता.

कंपनीचं दूध पन्नास-साठ गावांतून यायचं. प्रत्येक गावात एक संकलन केंद्र, तिथं एक माणूस दूध मोजून घेणारा. सगळी नोंद तेव्हा कागदावर चाले. मग आण्णांचा पुतण्या पुण्याहून शिकून आला. आम्ही त्यांना धाकटे साहेब म्हणायचो. त्यांनी ठरवलं की आता सगळं फोनवर. प्रत्येक केंद्राला कंपनीचा एक स्मार्टफोन, त्यात दुधाचं ॲप, ॲप सांभाळायला मी. आणि हे सगळे फोन पसंत करायचे चाचांनी.

दोन महिने चाचा दुसऱ्या कशातच नव्हते. भर उन्हाळ्यात दुपारी फोन घेऊन पत्र्यावर चढायचे, स्वतःच्या डोक्यावर छत्री धरायचे आणि फोन उन्हात ठेवून अक्षरं वाचता येतात का बघायचे. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात स्टूल टाकून दुपार-दुपार बसायचे. तिथला कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. कोणते फोन दुरुस्तीला येतात, ते नुसते बघत बसायचे. मला म्हणाले, "जो हितं रोज येतोय तो घेयाचा न्हाई. आन जो कदीच येत न्हाई तोबी घेयाचा न्हाई, त्येचा पार्ट हितं मिळत न्हाई. मधला बघायचा." महागडे फोन त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला काढले होते. स्वस्तातले स्वस्तही काढले होते.

शेवटी तीन-चार नमुने उरले आणि मग चाचांची खास परीक्षा सुरू झाली. तिला ते 'नांदायला पाठवणं' म्हणायचे. एकेक फोन पाळीपाळीनं केंद्रवाल्यांच्या घरी आठ-आठ दिवस राहायला जायचा. परत आला की चाचा त्या घरी जायचे, पण केंद्रवाल्याला एक अक्षर विचारायचे नाहीत. विचारायचे घरातल्या बायकांना. "माणूस साहेबापुढं खोटं बोलतंय. फोन वाईट असला तरी लई चांगला हाय साहेब, म्हणतंय. घरात गेलं की खरं कळतं." सासवा-सुना पदर सावरून सांगायच्या, कोणता फोन पोरांनी आपटला तरी टिकला, कोणाची बॅटरी दोन दिवस चालली, कोणता पाण्यात पडूनही वाजत राहिला. एका फोनची सगळ्या घरांतून एकच तारीफ आली. "लई गुणाचा हाय," बायका म्हणाल्या. चाचांनी तो पक्का केला. भावही त्यांनी असा पाडून घेतला की धाकटे साहेब बघतच राहिले. कोणीतरी सवयीनं विचारलं, स्वस्त पडला का? चाचांनी नेहमीचं उत्तर दिलं, पण त्या दिवशी मिशीत हसले. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि ही त्यांची शेवटची मोठी खरेदी होती.

फोन गावोगाव गेले. धाकट्या साहेबांचा नियम होता की सकाळी केंद्र उघडताना केंद्रवाल्यानं फोनवर अंगठा लावायचा. अंगठा जुळला तरच ॲप उघडणार. नियम चुकीचा नव्हता. काही गावांत केंद्रवाला घरी झोपलेला आणि दूध घ्यायला भलताच कोणी बसलेला, असं चालायचं. दुधात पाणी कोणाच्या वेळी मिसळलं, ते कळायला मार्ग नसायचा. अंगठ्याऐवजी नंबर टाकूनही ॲप उघडायची सोय होती. ती चालू करणं हे माझ्या हातचं काम, पाच मिनिटांचं. पण नंबर कोणीही कोणालाही सांगू शकतं, म्हणून ती सोय बंद ठेवायचा हुकूम होता.

आठवड्याभरातच सात-आठ केंद्रांवरून तक्रारी आल्या. अंगठा लागत नाही. धाकट्या साहेबांनी सगळ्यांना कळवलं, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, त्यानंतर ज्याचं केंद्र अंगठ्यानं उघडणार नाही ते दुसऱ्याला देऊ. त्या सात-आठांत सगळ्यात जास्त धास्ती होती तलवाड्याच्या सरूबाईला. तिचा नवरा दुधाच्या टेम्पोवर होता. अपघातात कंबर गेली, तेव्हापासून केंद्र तीच चालवायची. मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती, ती केंद्राच्याच जोरावर. आणि गावातल्या एका पुढाऱ्याचा भाचा केंद्र आपल्याला मिळावं म्हणून आण्णांच्या घरी खेपा घालत होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"फोन चांगला हाय," चाचा मला म्हणाले. "बायांना वापरता येत नसंल. चल, बघून येऊ."

आम्ही कंपनीच्या गाडीनं तलवाड्याला गेलो. केजहून बीड, बीडहून गेवराई, तिथून पुढं. पोचलो तेव्हा संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. सरूबाई चाळिशीची, सावळी, कमी बोलणारी. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि आमच्यासमोर अंगठा लावला. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मी तिचा ठसा नव्यानं नोंदवला. नोंदवताना कसाबसा घेतला आणि लगेच उघडायला गेलो तर ओळखेना. चाचांनी स्वतःचा अंगठा नोंदवून बघितला, फोन एका झटक्यात उघडला. माझाही उघडला.

"बेटी, तिचा हात बघ," चाचा म्हणाले.

मी तिचा अंगठा हातात घेतला. त्यावर रेषाच नव्हत्या. जुन्या झिजलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत, आणि मध्ये काळ्या भेगा. शेजारी कॅन धुवायची जागा होती. कपडे धुवायचा सोडा आणि कॅनचा पिवळेपणा काढायचं ॲसिड, दोन्ही उघड्या हातांनी, रोज सकाळ-संध्याकाळ, कित्येक वर्षं. सरूबाईच म्हणाली, "खोबऱ्याचं तेल लावून बगितलं, गिलिसरीन लावून बगितलं. लिंबू चोळून बगितलं. न्हाई लागत, साहेब. माझं केंद्र जानार का?"

परतीच्या वाटेवर गेवराई मागे पडली. मग चाचा म्हणाले, "फोन कुनाकुनाच्या घरी नांदायला गेलता, सांग."

मी एकेक घर सांगत गेले. प्रत्येक घराला चाचा विचारायचे, तिथं फोन कोण वापरायचं? आणि प्रत्येक घराचं उत्तर एकच होतं. पोरं वापरायची. कॉलेजातली मुलगी वापरायची. नवी सून वापरायची. ज्याच्या हातात कॅन होता, त्याच्या हातात तो फोन आठ दिवसांत बहुतेक आलाच नव्हता.

"मी घरच्यांना इचारलं," चाचा म्हणाले. "ज्येच्या हातात फोन देयाचा, त्यालाच इचारायचं ऱ्हायलं. आन तेच्यातच मी श्यानपन समजायलोतो."

मी म्हटलं, चाचा, हे कोणाच्या लक्षात आलं असतं? ते माझ्यावर जवळजवळ खेकसले, "माझ्या लक्षात याया पायजे होतं!" त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर चिडले नव्हते, हे कळत होतं, तरी मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या साहेबांना सांगून बघितलं. धाकटे साहेब ऐकून घेणारे होते, पण म्हणाले, "चाचा, एकाला सवलत दिली की उद्या सगळे अंगठे झिजलेले निघतील. फोन तुम्हीच पसंत केलाय ना? मग थोडं जमवून घेऊ द्या त्यांना." चाचा आण्णांकडेही गेले. आण्णांच्या घरी त्या वेळी पुढाऱ्याचा भाचा बसलेला होता. चाचा नुसतं पाणी पिऊन परत आले.

महिनाअखेरीला चाचांचा निरोप समारंभ होता. शीतकरण केंद्राच्या आवारात मांडव घातला होता. गावोगावचे केंद्रवाले बोलावले होते. सरूबाईही आली होती, बायकांच्या मागच्या ओळीत अंग चोरून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिचं केंद्र जाणार होतं. पुढच्या ओळीत चाची, नवी साडी नेसून. आण्णांचं भाषण झालं. चाचांनी कंपनीचा पैसा कसा राखला, त्यांनी घेतलेला जनरेटर आजही कसा चालतोय, असं बरंच. मग आण्णांनी शाल उलगडली आणि चाचांच्या खांद्याकडे हात नेला.

"आण्णा, जरा थांबा," चाचा म्हणाले. "शाल आत्ता नगं."

"कावून हो चाचा?"

"माझी शेवटची खरेदी चुकली."

चाचांनी माईक हातात घेतला नाही, तरी त्यांचा आवाज मागेपर्यंत गेला. "फोन वाईट न्हाई. आवाज हाय, बॅटरी हाय. पर सोड्यानं अन ॲसिडनं झिजलेला अंगठा तो वळखत न्हाई. ज्यांनी तुमचे कॅन सगळ्यात साफ ठिवले, त्यांनाच तो दारात उभं करंना. हे मी घेयाच्या आदी बघायला पायजे होतं. न्हाई बघितलं. आधी कळलं असतं तर अंगठ्याचा नियम मी हू दिला नसता. चूक माझी, केंद्रं त्यांची कावून काडायची?"

धाकटे साहेब उठून उभे राहिले. रागानं नाही, पण त्यांनाही सगळ्यांसमोर मागे हटता येत नव्हतं. "चाचा, नंबर चालू केला तर केंद्रावर कोण बसलंय हे बघणार कोण? जामीन कोण?"

"मी," चाचा म्हणाले.

"तुमी तर आजपासून रिटायर!" आण्णा म्हणाले.

"म्हणून तर येळ हाय. ह्या सात-आठ केंद्रांवर मी जातो. आदी न कळवता जातो, दर हप्त्याला. एकाबी ठिकाणी भलतं माणूस दिसलं तर मी स्वता येऊन सांगतो. पगार नगं, गाडी नगं. गाडी दिसली की गावाला आदीच कळतंय."

आण्णा पुढारी माणूस, मांडवाकडे बघून बोलायचं त्यांना कळत होतं. त्यांनी हातातल्या शालीची घडी घातली. "बरं. एक वर्स. पर चाचा, ह्या वर्सात एका ठिकाणी जरी गडबड झाली, तरी सगळी केंद्रं काडून घीन."

"कबूल."

"आन ही शाल?"

"वर्सानं इचारा," चाचा म्हणाले. "खरेदी बरी का वाईट, ते तवा कळंल. तवा द्यावी वाटली तर द्या."

कोणी हसलं नाही. चाचीनं पदर डोळ्यांना लावला. मी आत जाऊन त्या केंद्रांच्या नावांपुढची नंबरची सोय चालू केली आणि बाहेर आले. सरूबाई अजून मागच्या ओळीत तशीच बसली होती.

त्यानंतरचं वर्ष चाचांनी एसटीत आणि वडापच्या जीपमध्ये काढलं. प्रत्येक गावाचा वार ठरलेला नव्हता, फक्त तलवाड्याचा ठरला. ते सगळ्यात लांब, दोन गाड्या बदलून पुढं जीप, आणि गेवराईला बहिणीच्या घरी मुक्काम. बहिणीच्या घरी बाजारासाठी मुक्कामाला येणारी मंडळी गुरुवारी नसायची, झोपायला जागा असायची, म्हणून गुरुवार. "आता वार सगळ्यांना कळलाय, मग तपासणी कसली?" मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, "तलवाड्याला तपासायला न्हाई जात मी." चाची मला बाजारात भेटली की तक्रार करायची, "नोकरीत होते तवा संध्याकाळी घरी याचे. आता पाय सुजलेत तरी ऐकत न्हाईत. तू सांग त्यांना." मी काय सांगणार?

सरूबाई पहिले काही आठवडे त्यांच्याशी नीट बोललीच नाही. चाचा येऊन उपड्या कॅनवर बसायचे, ती पाठमोरी दूध मोजायची. एकदा तिनं स्पष्टच विचारलं, "चाचा, मी चोर हाय का? माज्यावर पहारा कावून?"

"तू न्हाईस बेटी," चाचा म्हणाले. "मी हाय. चुकीचा माल मी घेतला, हजेरी मला द्यावी लागती." हे सरूबाईनंच मला पुढं सांगितलं. त्या दिवसापासून ती कॅनवर पोत्याची घडी टाकून ठेवायला लागली.

एका गुरुवारी चाचा गेले तर सरूबाई तापानं फणफणलेली आणि काट्यापाशी तिची मुलगी बसलेली. सुट्टीला आली होती. भलतं माणूस म्हणजे भलतं माणूस, आण्णांचा शब्द होता. पुढाऱ्याचा भाचा रस्त्यापलीकडे टपरीवर उभा राहून बघत होता. चाचांनी सरूबाईची बाज उचलून केंद्राच्या दारात आणवली. गोधडीत गुंडाळलेल्या सरूबाईनं नंबर टाकला आणि दूध चाचांनी स्वतः मोजलं. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर दुधाचे ओघळ घेऊन. दुसऱ्याच दिवशी त्यांनी येऊन आण्णांना जसं घडलं तसं सांगितलं, मुलगी बसली होती हेही. "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं का?" आण्णा म्हणाले. "कळलं असतं," चाचा म्हणाले. "म्हणूनच आदी आलो." आण्णांनी ते प्रकरण तिथंच मिटवलं.

वर्ष झालं, त्या दिवशी सकाळी चाचा कार्यालयात आले. कडक इस्त्री, खिशाला पेनं, हातात पिशवी आणि फ्लास्क. भांडाराबाहेरच्या बाकावर बसले. मला वाटलं, सहज आले असतील. कामाच्या गडबडीत मी नुसता नमस्कार केला. आण्णा निवडणुकीच्या धामधुमीत, ते कार्यालयात फिरकलेच नाहीत. धाकटे साहेब जाता जाता थांबले, "चाचा, काही काम होतं का?"

"न्हाई, न्हाई. असंच."

साहेब चहा पाठवतो म्हणाले आणि गेले. चाचांनी आपला फ्लास्क दाखवला. धाकट्या साहेबांचा दोष नव्हता. तोवर सगळ्याच केंद्रांना नंबर चालू झाला होता, अंगठ्याची गोष्ट जुनी झाली होती. कोणी काही विसरलंय, हे विसरणाऱ्यांना कुठून कळणार?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. निरोप समारंभासाठी शिवलेला, खिशावर बारीक रेघ असलेला तोच शर्ट. आणि एकदम आठवलं, वर्ष आज भरलं. मी धावत भांडारात गेले. कपाटात शाल शोधली. शिपायानं सांगितलं, ती शाल मागंच एका पाहुण्यांच्या सत्काराला वापरली. नवी आणायची म्हटलं तर बाजार दहा मिनिटांवर होता. पण मी आणलेली शाल चाचांना कशाला हवी होती? मला आण्णांचा राग आला, कंपनीचा आला, सकाळपासून समोरून चार वेळा गेलेल्या माझा स्वतःचाही आला.

मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मग जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"चाचा, ते फोन. स्वस्त पडले का महाग?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना वर्षानं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी फ्लास्कचं झाकण सावकाश फिरवून बसवलं.

"तलवाड्याचं केंद्र कोण चालवतंय?"

"सरूबाईच, चाचा."

"आजबी?"

"आज सकाळचं दूध तिनंच घेतलं. मी ॲपवर बघितलंय."

आत जनरेटर सुरू झाला आणि गोदामावरची कबुतरं उडाली. चाचांनी डोळे मिटले. मी काही बोलत नव्हते, तरी ते ऐकत असल्यासारखे बसून राहिले.

"मग सस्त पडले, बेटी," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बीडची गाडी चुकू नये म्हणून लगबगीनं स्टँडकडे निघाले. वर्ष संपलं होतं, जामीनकीही संपली होती. पण त्या दिवशी गुरुवार होता.